कात्रीकाकांच्या कुंड्या

कात्रीकाकांच्या बाल्कनीत एकूण एक झाड शिस्तीत असे. खालच्या रस्त्यावरून मान वर करून पाहिलं तरी तिसऱ्या मजल्यावरची ती बाल्कनी लगेच ओळखू यायची. बाकी सगळ्या बाल्कन्यांतून काही ना काही डोकावत असायचं, लोंबत असायचं, वाऱ्यावर हलत असायचं. काकांच्या बाल्कनीतून काहीही डोकावत नसे. टोमॅटो, मिरची, झेंडू, गुलाब, सगळे एका उंचीचे, कडेनं गोल, वरून सपाट. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी धरून नेऊन केस कापून आणलेल्या पोरांसारख्या त्या कुंड्या कठड्याला लागून ओळीनं उभ्या असायच्या. फक्त तिथं फूल नव्हतं आणि फळही नव्हतं.

काका जन्मभर लोकांचे केस कापत आले. चौकातलं सलून त्यांनी स्वतः उभं केलं होतं. दोन खुर्च्या, समोर मोठा आरसा, कोपऱ्यात रेडिओ आणि थांबणाऱ्यांसाठी एक लांब बाक. त्या बाकावर बसून पोरं मोठी झाली आणि टक्कल पडल्यावरही, उरलेल्या केसांसाठी का होईना, तिथंच येत राहिली. काकांची कात्री इतकी हलकी चालायची की गिऱ्हाइकाला झोप लागायची, आणि काका त्याला उठवायचे नाहीत. पुढच्याला खुणेनं सांगायचे, "बस जरा, साहेबांचा डोळा लागलाय." कात्रीकाका हे नाव त्यांना तेव्हाच पडलं. खरं नाव आता फक्त काकूंना आणि विजेच्या बिलाला ठाऊक होतं.

मग काका दुकानात जायचे बंद झाले. कुणी विचारलं की ते गुडघ्यांकडे बोट दाखवायचे. "उभं राहवत नाही हो आता. मुलगा बघतो सगळं." गुडघ्यांचं हे दुखणं त्यांनी इतकं मन लावून सांभाळलं की इमारतीतल्या दोघातिघांनी त्यांना आपापली मलमं आणून दिली. पुढे याच गुडघ्यांनी मातीची पोती तीन मजले चढवून आणली, लिफ्ट बंद असताना. पण लोक भले होते, कुणी काही म्हटलं नाही.

खरं दुखणं हातात होतं. उजवा हात थरथरू लागला होता. आधी चहाचा कप हिंदकळू लागला, मग कात्री चुकू लागली. एकदा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या कानाला कात्री लागली. रक्ताचा एक ठिपका आला, बाकी काही नाही. औषधवाला चांगला माणूस, म्हणाला, "असू द्या काका, कान काय, दोन आहेत." काका हसले, त्याला तुरटी लावली, पावडर मारली. पुढच्या खेपेला औषधवाला आला तेव्हा काकांची खुर्ची रिकामी होती आणि मुलाच्या खुर्चीवर गिऱ्हाईक होतं. काकांनी कापड झटकलं आणि म्हणाले, "या." औषधवाला बाकावर बसला, पेपर उघडला आणि म्हणाला, "मला काही घाई नाही." त्या दिवशी आणखी दोघांना घाई नव्हती. त्या आठवड्यात काकांचे गुडघे दुखायला लागले.

घरात त्या हाताचा विषय कुणी काढायचा नाही, असं न ठरवताच ठरून गेलं.

पण जन्मभर चाललेले हात रिकामे बसतात थोडेच! आधी काकांनी पडद्यांच्या झालरी सारख्या केल्या. मग पायपुसण्याचे सुटलेले दोरे कापले, मग न सुटलेले कापले. दात घासायच्या ब्रशांचे केस एका पातळीत आणले. काकूंचं अर्धवट विणलेलं लोकरीचं काम सोफ्यावर पडलं होतं, त्याचं एक टोक बाहेर आलं होतं. काकांनी ते टोक कापलं, आणि काकूंचा अख्खा हिवाळा उसवला. तेव्हा मात्र काकूंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन त्या थेट नर्सरीत गेल्या.

आता इथं काकूंचा त्याग नीट समजून घेतला पाहिजे. त्या घरात ऊन येतं ते फक्त त्या बाल्कनीत. काकूंची कपड्यांची दोरी तिथं लग्नापासून बांधलेली. दुसऱ्या कुणी त्या दोरीला बोट लावलं असतं तर काकूंनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. ती दोरी त्यांनी स्वतः सोडली, गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, एकदा तर शिलाईच्या मशीनवर वाळत घालायला सुरुवात केली. पण फुकट दिलेल्याची माणसाला किंमत नसते हे काकूंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी एक अट घातली.

"थंडी पडायच्या आत मला एक टोमॅटो दाखवायचा. पिकलेला. बाजारातला नाही, या बाल्कनीतला. नाहीतर कुंड्या खाली आणि माझी दोरी वर."

"एक?" काका छाती काढून म्हणाले. "अगं, टोपली भरून देतो. शेजारीपाजारी वाटून दमशील."

काकांनी काम मनावर घेतलं, आणि त्यांना जसं येत होतं तसं घेतलं. दुकानातून जुनी फवाऱ्याची बाटली आणली, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड आणलं, कंगवा आणला, मानेवरचे केस झाडायचा ब्रश आणला आणि अर्थातच आपली लांब पात्याची कात्री आणली. सकाळी चहा झाला की बाल्कनीत स्टुलावर बसायचे, एकेक कुंडी पुढ्यात ओढायचे, बुंध्याभोवती कापड लावायचे, पानांवर पाणी मारायचे आणि कात्री चालवायचे. हात थरथरायचा, पण झाडाला कान नसतात. कात्रीबरोबर तोंडही चालायचं. कुणाची मुलगी कुणाबरोबर फिरते, रस्त्याचं खोदकाम कधी संपणार, सरकार पडणार की नाही, हे सगळं मिरचीला सविस्तर कळायचं. कीड लागू नये म्हणून राख टाकायची, तर तीही ते त्या मऊ ब्रशानं, मानेवर पावडर मारावी तशी मारायचे. शेवटी हातातला छोटा आरसा झाडामागे धरायचे. काकूंनी एकदा विचारलं, "अहो, आरसा कुणाला दाखवता?" तेव्हा काका दचकले आणि म्हणाले, "मागून कसं झालंय ते मला बघायचंय."

त्या सगळ्यांत त्यांचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे पुदिना. कितीही बारीक करा, आठवड्यात पुन्हा दाट होऊन हजर. काकांना वाटायचं, जगात सगळी माणसं अशी असती तर सलूनवाले राजे झाले असते. कोथिंबीरही बरी होती. गुलाबाशी मात्र त्यांचं जमेना. त्याला ते 'दाढीवाला' म्हणायचे आणि बोटांना पट्ट्या लावून बसायचे.

घोडं अडलं टोमॅटोपाशी. काकांचा धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम होता: जे बाहेर येतं ते कापायचं. या एका नियमावर त्यांनी घर चालवलं, मुलाला वाढवलं, दुकान विकत घेतलं. आता टोमॅटोची रीत अशी की फूल यायचं ते नव्या फुटीवर. नवी फूट निघाली की ती हमखास ओळ सोडून बाहेर यायची, आणि बाहेर आली की काका तिला सोडायचे नाहीत. काही वेळा त्या फुटीवर हिरवे बारीक दाणे दिसायचे, क्वचित त्यातून पिवळं काहीतरी डोकं काढायचं. काका चष्म्यावरून निरखून बघायचे आणि म्हणायचे, "हं, टोकं दुभंगलीत." आणि कच्च!

फळ येईना म्हणून काका नर्सरीवाल्याशी भांडायला गेले. नर्सरीवाल्यानं आधी ऊन कमी पडत असेल म्हटलं, मग पाणी जास्त होत असेल म्हटलं, मग एक खताची पिशवी दिली. पुढच्या वेळी दुसरी दिली. काकांनी मातीला नावं ठेवली, कुंड्यांना ठेवली, शहराच्या हवेला ठेवली. नाचता येईना तर अंगण वाकडं, दुसरं काय! कात्रीबद्दल नर्सरीवाल्यानं विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. श्वास घेतो हे काय कुणी डॉक्टरला वेगळं सांगतं?

काकूंना कळत होतं. शेतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण नवरा चांगला कळत होता. एकदा त्यांनी सुचवून पाहिलं.

"अहो, जरा वाढू द्या की त्याला. आठ दिवस कात्री नका लावू."

"वाढू देऊ? अगं, गबाळं दिसतं! लोक म्हणतील, सलूनवाल्याच्या घरातली झाडं आणि डोक्यावर हे जंगल."

"लोक झाडाला बघून तसं म्हणत नाहीत हो."

"तुला नाही कळायचं. शेंडा एकदा सुटला की मग आकारात येत नाही."

सकाळी तो कात्रीचा आवाज सुरू झाला की घर पुन्हा घरासारखं वाटायचं, हे काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आवाजापुढे टोमॅटोची काय कथा! पण अट घालून बसल्या होत्या, आणि काकूंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. इकडे सकाळी अंगावर शाल घ्यावी की न घ्यावी असे दिवस सुरू झाले होते.

बरोबर वरच्या मजल्यावर बाई राहायच्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. जन्मभर गणित शिकवलं, आता निवृत्त. पोरांचे कान पिळण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता. इमारतीतल्या बऱ्याच बाप्यांचे कान त्यांच्या हाताखालून गेलेले होते आणि ते बाप्ये अजूनही जिन्यात बाई दिसल्या की भिंतीला चिकटून वाट द्यायचे. बाईंची बाल्कनी काकांच्या अगदी उलट. तिथं सगळं मोकाट. वेलावर वेल, कुंडीत कुंडी, जुन्या बादल्यांत वांगी. काका रोज वर बघून नाक मुरडायचे. "किती दिवस झाले असतील हिला हात लावून!" असं ते एकदा म्हणाले, ते वेलीबद्दल होतं, पण काकूंनी तरी खिडकी लावून घेतली.

त्या मोकाट बाल्कनीतून दुधीचा एक वेल खाली उतरला. उतरता उतरता तो काकांच्या छताच्या रेषेखाली आला आणि समोर लोंबू लागला. काका दोन दिवस सोसत राहिले. तिसऱ्या दिवशी बघतात तर वेलाच्या टोकाला अंगठ्याएवढं काहीतरी आलेलं, हिरवट, अंगावर बारीक लव. जित्याची खोड! काका स्टुलावर चढले, ते दुखरे गुडघे घेऊन, आणि छताच्या रेषेत तो वेल सफाईनं सरळ कापला. उतरले, लांबून बघितलं, समाधानानं मान हलवली.

दहा मिनिटांत दारावर थाप पडली. बाई आत आल्या त्या हातात तो वेल घेऊनच. खाली रस्त्यावर पडलेला त्यांनी उचलून आणला होता, आणि त्याच्या टोकाचा तो अंगठ्याएवढा दुधी मान टाकून लोंबत होता.

"हे कुणी केलं?" शाळेत विचारायच्या त्याच आवाजात बाईंनी विचारलं.

"फार वाढला होता," काका म्हणाले. "आमच्या हद्दीत आला होता. मी जरा सारखा केला."

"सारखा केला? अहो, तीन वर्षं दुधी लावतेय, तेव्हा कुठे पहिलं फळ धरलं होतं! रोज सकाळी वाकून बघत होते मी. आणि तुम्ही सारखा केला?"

"बाई, बसा, पाणी घ्या," काकू मध्ये पडल्या.

"मला पाणी नको. याला द्यायचं होतं ते पाणी!" बाईंचा आवाज चढला. "त्या गरीब झाडांचं काय करून ठेवलंय तुम्ही! एकाला फूल येऊ देत नाही. दुकानात कुणी तुमच्या हाताखाली डोकं द्यायला तयार नाही, म्हणून या मुक्या जिवांवर थरथरता हात चालवता होय?"

बोलून झालं आणि बाईंना आपण काय बोललो ते कळलं, कारण त्यांचा चेहरा उतरला. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, आणि बाईंना तर माफी मागायची सवयच नव्हती. जन्मभर त्यांनी ती फक्त मागून घेतली होती. त्या वेल टेबलावर ठेवून निघून गेल्या.

काकांनी उजवा हात डाव्या हातात धरला. मग कात्री पुसली, तिच्या पात्यांना तेलाचं बोट लावलं, पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि कपाटाच्या खणात अगदी मागे ठेवून दिली. "कपडे वाळत घाल तुझे तिकडे," एवढंच म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन रेडिओ लावला.

काकूंनी माळ्यावरची दोरी काढली नाही. त्या रोज सकाळी बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालायच्या, आणि आतल्या खोलीतल्या माणसाला चहा द्यायच्या. दोघांत झाडांची तब्येत बरी होती. काका रेडिओवर बाजारभाव ऐकायचे, ज्या मालाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता त्याचेही ऐकायचे. मुलगा दुकानातून येऊन बाजूला बसायचा. "बाबा, कात्र्यांना धार लावायची होती, बघता का?" म्हणायचा. काका म्हणायचे, "तू लाव." पडद्याची झालर एका बाजूला सुटली होती. काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकूंना तेव्हा खरी भीती वाटली.

आणि बाल्कनीत काय चाललं होतं? रान माजलं होतं! डोक्यावरचा पहारा उठल्याबरोबर टोमॅटोनं हातपाय पसरले. कठड्यावरून बाहेर वाकला, मिरचीच्या अंगावर रेलला, गजांत शिरला. झेंडूनं एका आठवड्यात इतक्या कळ्या काढल्या की जणू मागची सगळी बाकी वसूल करत होता. दाढीवाल्या गुलाबानंही एक गुलाबी तोंड उघडलं. टोमॅटोवर पिवळी फुलं आली, मग हिरव्या गोट्या आल्या, आणि थंडीनं दार ठोठावलं त्याच सुमारास एक गोटी लाल झाली.

काकूंनी तो टोमॅटो तोडला नाही. त्यांनी नवऱ्याला मनगटाला धरून बाल्कनीत आणलं.

"हा बघा. अट पुरी झाली. कुंड्या राहिल्या."

काका वाकून बघू लागले. लाल, गुळगुळीत, पानांआडून अर्धा दिसणारा. टोमॅटो खरंच चांगला होता. मग त्यांनी ओठ चावला.

"मी हात लावला नाही, म्हणून आला," ते म्हणाले. "बघ ना. मी हात काढून घेतला आणि सगळं फुललं. दुकानाचंही तसंच. मुलानं परवा तिसरी खुर्ची घेतली." आणि मग, त्या घरात इतके महिने कुणी न उच्चारलेली गोष्ट ते स्वतःच बोलले. "हात गेला गं माझा."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण डोळ्यांत पाणी घेऊन बसणं हा काकूंचा स्वभाव नव्हता. त्या तडक आत गेल्या. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा आला, काकूंनी त्या पडलेल्याला दिलेली शिवी आली. मग त्या बाहेर आल्या. एका हातात पांढरं कापड, दुसऱ्या हातात कात्री, कंगवा दातांत. स्टूल ओढलं, झेंडू बाजूला सारला, स्टुलावर बसल्या आणि अंबाडा सोडला.

"कापा," त्या म्हणाल्या.

काका बघतच राहिले. याला कारण होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी बायकोच्या वेणीकडे धंद्याच्या नजरेनं बघून म्हटलं होतं, "खालून चार बोटं कमी केली ना, तर..." तेव्हा नव्या नवरीनं वेणी पदराखाली घेऊन बजावलं होतं, "घरात गिऱ्हाईक मिळणार नाही." त्यानंतर काकांनी किती वेळा विचारलं असेल! गोडीनं, थट्टेनं, एकदा तर पैज लावून. अख्ख्या गावाची डोकी या हातांखालून गेली, हे एक डोकं सोडून.

"अगं, पण माझा हात..."

"हात मला माहीत नाही होय? चहा कोण पुसतं रोज?" काकूंनी कापड स्वतःच गळ्याभोवती बांधलं. "झाडांना तुमचा हात नको असेल. मला हवाय. खांद्यापर्यंत करा. मानेला ऊन लागू दे जरा."

"कानाला लागेल."

"कान मी धरते," काकू म्हणाल्या, आणि खरोखरच दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान मुडपून घट्ट धरून बसल्या.

काकांनी फवाऱ्याची बाटली उचलली. पाणी मारलं. कंगवा फिरवला. आणि कात्री चालू झाली. आधी भीत भीत, थांबत थांबत, मग जरा सलग. अर्ध्यात आल्यावर काकांचं तोंड सुटलं. रस्त्याचं खोदकाम अजून चालूच आहे, औषधवाल्याचा जावई परदेशी निघाला, सरकार बहुधा टिकतं. काकू कान धरून असल्यामुळे त्यांना त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं, पण त्या "हो का?", "अगं बाई!" असं मधून मधून म्हणत राहिल्या.

मान झाडून झाली, पावडर मारून झाली. सवयीनं काकांनी छोटा आरसा उचलून काकूंच्या मागे धरला. पुढचा मोठा आरसा नव्हताच, म्हणून काकूंनी बाल्कनीच्या दाराच्या काचेत बघितलं. आरसा थरथरत होता. त्यात काकूंची मान, केस, मागचा टोमॅटो, सगळं डावीउजवीकडे नाचत होतं, काही धड दिसेना. काकूंनी "नीट धरा" म्हटलं नाही. त्यांनी आपली मान हळूच आरशाच्या तालावर हलवायला सुरुवात केली. आरसा डावीकडे, मान डावीकडे. जमल्यावर त्यांना दिसलं की उजवी बाजू डावीपेक्षा चांगली दोन बोटं वर गेलीये.

"झकास," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तशाच मान ताठ करून भाजी आणायला गेल्या. जिन्यात कुणीतरी थबकून बघितलं, तर म्हणाल्या, "हल्ली असंच तिरकं ठेवतात. आमच्या घरात कारागीर आहे, म्हणून जमतं."

त्याच संध्याकाळी दारावर थाप पडली, या वेळी हलकी. बाई उभ्या होत्या. हातात एक लांबलचक दुधी होता. वरच्या उरलेल्या वेलाला कापल्या जागेपासून फुटवे आले होते आणि त्यावर आणखी तीन धरले होते. हातातला दुधी त्यांनी काकूंना दिला. मग त्या सरळ बाल्कनीत गेल्या आणि स्टुलावर बसल्या.

"मागून फार वाढलेत," त्या समोरच्या टोमॅटोला उद्देशून म्हणाल्या. "सारखे करायचे होते."

काका दारात थबकले. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी दुधी ओट्यावर ठेवला आणि बाहेर येऊन बाईंच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"कान धरावे लागतात, बाई."

बाईंनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा काकांच्या हाताकडे. मग जन्मभर दुसऱ्यांचे कान धरलेल्या त्या बाईंनी आपले दोन्ही कान आपल्याच हातांनी धरले, चांगले घट्ट, आणि मान खाली घातली. काकांनी फवारा मारला. खालच्या रस्त्यावरून औषधवाला दुकानाकडे चालला होता. तो वर बघून जागच्या जागी उभाच राहिला.

केस कापून झाले तेव्हा दिवे लागले होते. काकांनी आरसा उचलला आणि मागे धरला. बाईंनी काचेत बघितलं, डोळे बारीक केले, चष्मा वर केला, खाली केला.

काकू वाकल्या आणि बाईंच्या कानात हळूच म्हणाल्या, "त्याच्याबरोबर मान हलवा. दिसतं नीट."